ध्रुवीय मोहिमांची तिकिटं जमवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या अल्बममध्ये ध्रुवीय मोहिमांची बरीच तिकिटं निघाली. त्यात अमेरिकेचं ॲडमिरल बर्डच्या मोहिमेचं निळं तिकीट आहे, पण त्याच्या पाठीला गोंद नाही. सोव्हिएत 'चेल्युस्किन' संचातली काही आहेत, ब्रिटनचा १९७२ चा संच आहे आणि तिकिटांसकट जशीच्या तशी ठेवलेली काही पाकिटं आहेत. यातलं मोलाचं काय आणि संग्रह पुढे कसा वाढवावा, हे तुम्हाला हवंय. शिवाय एक विक्रेता 'किंग एडवर्ड सेव्हन्थ लँड' असं छापलेलं एक पेनीचं तिकीट देऊ करतोय, ते घ्यावं का?

सगळ्यात आधी एक विनंती. त्या पाकिटांना हात लावू नका. कोमट पाण्यात भिजवून तिकीट सोडवायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत लागलेली असते आणि ध्रुवीय टपालाचं त्या सवयीने केलेलं नुकसान मोठं आहे. या विषयात तिकिटाइतकाच, कित्येकदा त्याहून जास्त, मान शिक्क्याला असतो. पत्र कुठल्या तळावर पडलं, कोणत्या जहाजाने परत आलं, वाटेत किती महिने अडकलं, हे सगळं पाकीट सांगतं. सुटं तिकीट त्यातलं फार थोडं सांगू शकतं.

या विषयातली तिकिटं मी दोन ढिगांत घालतो. काही तिकिटं मोहीम चालू असताना, मोहिमेच्याच कामासाठी निघाली. तिचा खर्च भागवायला, तिथलं टपाल चालवायला, किंवा 'ही जमीन आमची' असं जगाला सांगायला. बाकीची मागाहून, ५० किंवा १०० वर्षांनी, आठवण म्हणून निघाली. दुसऱ्या ढिगातली तिकिटं दिसायला बहुधा जास्त देखणी असतात. माझा जीव मात्र पहिल्या ढिगात आहे आणि पुढचं सगळं उत्तर त्याच पक्षपाताने लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

विक्रेत्याने दाखवलेलं तिकीट पहिल्या ढिगातलं, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. १९०८ मध्ये अर्न्स्ट शॅकल्टन 'निमरॉड' जहाजातून अंटार्क्टिकाकडे निघाला तेव्हा न्यूझीलंडने त्याला रीतसर पोस्टमास्तर नेमलं. आपलं नेहमीचं लाल एक पेनी तिकीट, संग्राहक ज्याला 'पेनी युनिव्हर्सल' म्हणतात ते, त्यावर हिरव्या शाईत 'किंग एडवर्ड सेव्हन्थ लँड' अशी आडवी नव्हे तर उभी छपाई करून त्याच्या हवाली केलं. गंमत अशी की शॅकल्टन त्या भूमीवर पोहोचलाच नाही. बर्फाने वाट अडवली आणि त्याला रॉस बेटावर केप रॉइड्सला तळ ठोकावा लागला. म्हणजे तिकिटावर ज्या जागेचं नाव आहे तिथे ते तिकीट कधी वापरलंच गेलं नाही. तरी एका अर्थाने त्याने फार मोठा प्रवास केला. ९ जानेवारी १९०९ रोजी शॅकल्टन आणि त्याचे तीन साथीदार ८८ अंश २३ मिनिटं दक्षिणेला पोहोचले, ध्रुवापासून १०० मैलांच्या आत, आणि तिथून मागे फिरले. त्या शेवटच्या धावेत त्यांनी झेंड्याबरोबर एक पितळी नळी नेली होती. तिच्यात कागदपत्रं होती आणि टपाल तिकिटं होती. उपाशी माणसं, एकेक औंस वजन मोजणारी, आणि तिकिटं बरोबर! तिकीट हे त्या काळी हक्काचं कागदपत्र मानलं जाई, हे यावरून कळतं.

ब्रिटिश नौदल अधिकारी स्कॉटच्या 'टेरा नोव्हा' जहाजावरच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी हीच युक्ती पुन्हा वापरली गेली. या वेळी काळ्या शाईत 'व्हिक्टोरिया लँड' असं छापलं. पेनीचं तिकीट १९११ मध्ये वापरात आलं, पोस्टमास्तरकी जहाजाचा पेमास्टर फ्रान्सिस ड्रेककडे होती. अर्ध्या पेनीच्या तिकिटाची कथा मात्र वेगळी आहे. ते जानेवारी १९१३ चं. 'टेरा नोव्हा' उरलेल्या लोकांना परत आणायला केप इव्हान्सला गेलं तेव्हाचं. जहाज स्वागतासाठी सजवलेलं होतं. किनाऱ्यावरून बातमी आली ती ही, की स्कॉट आणि त्याचे चौघे साथीदार ध्रुवावरून परतताना, आदल्या वर्षीच, गेले. अल्बममध्ये हे तिकीट पेनीच्या शेजारी हिरवं, फिकं, अगदी साधं दिसतं.

याच मोहिमेतलं सगळ्यांत प्रसिद्ध पत्र मात्र बिनतिकिटाचं होतं. नॉर्वेचा अमुंडसेन स्कॉटच्या आधी, १४ डिसेंबर १९११ ला, दक्षिण ध्रुवावर पोहोचला आणि नॉर्वेच्या राजाला लिहिलेलं पत्र तिथल्या तंबूत ठेवून गेला. सोबत स्कॉटला चिठ्ठी, की हे पुढे पोहोचवावं. परतीच्या वाटेवर आपलं काही बरंवाईट झालं तर पुरावा उरावा, हा हेतू. स्कॉटने ते उचललं आणि ते त्याच्या अखेरच्या तंबूत सापडलं. हरलेल्याने जिंकणाऱ्याचा पोस्टमन व्हावं असा प्रसंग टपालाच्या इतिहासात दुसरा मला माहीत नाही.

आता पैशाची बाजू. ध्रुवीय मोहिमा कायम कर्जात असत आणि तिकीट जमवणारे लोक हे त्यांना सापडलेलं एक भरवशाचं गिऱ्हाईक होतं. नॉर्वेने १९२५ मध्ये अमुंडसेनच्या विमान मोहिमेला हातभार म्हणून सात तिकिटांचा संच काढला. सातही तिकिटांवर एकच चित्र: पांढरं अस्वल आणि वर विमान. ती विमानं म्हणजे एन-२४ आणि एन-२५, बर्फ आणि पाणी दोन्हींवर उतरू शकणारी. २१ मे १९२५ ला ती ८८ अंशांच्या जरा अलीकडे बर्फात उतरली, एक तिथेच सोडावं लागलं, आणि सहाही जण तीन आठवड्यांहून जास्त काळ बर्फ फोडून धावपट्टी तयार करत राहिले. सगळे एकाच विमानातून परत आले. हा संच मिळायला अवघड नाही आणि सुरुवातीच्या संग्राहकाला मी तो हमखास सुचवतो.

तुमचं निळं बर्ड तिकीट याच जातीचं. ९ ऑक्टोबर १९३३ ला निघालेलं तीन सेंटचं. त्याची मूळ कल्पना राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची, जे स्वतः पट्टीचे संग्राहक होते. बर्डच्या दुसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेच्या 'लिटल अमेरिका' तळावरून पत्र यावं असं वाटणाऱ्याने तीन सेंट टपाल आणि वर ५० सेंट मोहिमेला द्यायचे, असा व्यवहार होता. अपेक्षेपेक्षा पत्रं फार आली. तळावर शिक्के मारायचं काम वेळेत आटपलं नाही, जहाजाला परतायची घाई होती आणि बरंच टपाल मागे राहिलं. शेवटी टपाल खात्याने चार्ल्स अँडरसन नावाचा आपला एक निरीक्षक थेट अंटार्क्टिकाला पाठवला. म्हणून या पाकिटांवर लिटल अमेरिकेचे दोन शिक्के दिसतात: एक ३१ जानेवारी १९३४ चा, दुसरा ३० जानेवारी १९३५ चा. आजोबांच्या पाकिटांत यातलं एखादं असेल तर तारीख नीट पाहा.

गोंद नाही म्हणून तिकीट खराब समजू नका, आणि दुर्मिळही समजू नका. त्याचं असं झालं की त्या वेळचे पोस्टमास्तर जनरल जेम्स फार्ली यांनी नव्या तिकिटांच्या बिनदातेरी (कडांना भोकं न पाडलेल्या), बिनगोंदाच्या शीटा रूझवेल्ट आणि इतर मित्रमंडळींना भेट दिल्या. संग्राहक खवळले. शेवटी १९३५ मध्ये ती तिकिटं तशीच, बिनगोंदाची, सर्वांसाठी पुन्हा छापून विकावी लागली. बर्ड तिकीटही त्यात होतं, पण ते दातेरी कडांसकट. तुमच्या तिकिटाला दातेरी कडा असतील तर ते १९३५ चं आहे की १९३३ चंच पण धुतलेलं, हे सुट्या तिकिटावरून ठरवता येत नाही. दोन तिकिटांची जोडी असेल आणि त्यांच्या मध्ये छापील रेघ दिसत असेल तरच १९३५ चं म्हणता येईल. कडा साध्या कापलेल्या असतील तर १९३४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनासाठी निघालेल्या सहा तिकिटांच्या शीटमधलं किंवा तिच्या पुनर्छपाईतलं धरा. तीही बिनगोंदाचीच.

सोव्हिएत तिकिटांकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यांत रसाळ भाग तिथे आहे आणि आपल्याकडे लोक तो 'रशियन रंगीत तिकिटं' म्हणून बाजूला सारतात. जुलै १९३१ मध्ये जर्मनीचं 'ग्राफ झेपेलिन' हे हवाई जहाज आर्क्टिकवर गेलं. फ्रान्झ योझेफ लँडमधल्या हूकर बेटाजवळ ते पाण्यावर उतरलं आणि तिथे थांबलेल्या 'मालिगिन' या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाशी टपालाची अदलाबदल केली. भेट अगदी थोडा वेळ चालली, कारण तरंगता बर्फ झेपेलिनकडे सरकत होता. या उड्डाणाच्या खर्चाचा मोठा वाटा संग्राहकांनी पाठवलेल्या पत्रांतून उभा राहिला. सोव्हिएत टपाल खात्याने चार तिकिटं काढली, दातेरी आणि बिनदातेरी अशा दोन्ही रूपांत. चित्रात जहाज, वर झेपेलिन आणि पुढे हे सगळं बघत उभं असलेलं पांढरं अस्वल. जर्मनीने आपल्या झेपेलिन तिकिटांवर 'पोलार-फार्ट १९३१' असं छापलं. त्यातल्या काहींवर मधली जोडरेघ राहून गेली आणि ती तिकिटं आज बरीच महाग आहेत.

'मालिगिन'वरचं टपाल सांभाळणारा होता इव्हान पापानिन. झेपेलिनमधल्या रेडिओ चालकांत होता अर्न्स्ट क्रेंकेल. ही दोन नावं लक्षात ठेवा.

क्रेंकेल पुढे 'चेल्युस्किन' जहाजावर रेडिओ चालक झाला. १३ फेब्रुवारी १९३४ ला ते जहाज चुकची समुद्रात बर्फात चिरडून बुडालं. १०४ माणसं, त्यात दोन लहान मुलं, दोन महिने तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. क्रेंकेलचा रेडिओ हाच त्यांचा जगाशी धागा. वैमानिकांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्यातल्या सात जणांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा नवा किताब पहिल्यांदा मिळाला. १९३५ चा तुमच्याकडचा संच म्हणजे हीच कथा: दहा तिकिटं, त्यात जहाज, मोहिमेचा प्रमुख ओट्टो श्मिट, बर्फावरची छावणी आणि ते सात वैमानिक. तिकिटं नीट मोजा आणि कोणती कमी आहेत ते लिहून ठेवा. हा संच पूर्ण करण्यासारखा आहे.

त्यातल्या दहा कोपेकच्या तिकिटावर सिगिझमुंड लेवानेव्स्की आहे. ऑगस्ट १९३५ मध्ये तो उत्तर ध्रुवावरून मॉस्को ते सान फ्रान्सिस्को उडणार होता, म्हणून याच तिकिटावर लाल शाईत तसा मजकूर आणि एक रूबल अशी नवी किंमत छापली गेली. विमानातून तेल गळू लागलं आणि उड्डाण अर्ध्यावर सोडावं लागलं. तिकीट मात्र निघालं ते निघालंच. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, दुसऱ्या प्रयत्नात लेवानेव्स्की विमानासकट नाहीसा झाला. या छपाईत 'फ्रान्सिस्को'मधलं 'फ' हे रशियन अक्षर काही तिकिटांवर चुकून छोटं पडलंय, काहींवर सगळी छपाई उलटी आहे, आणि दोन्हींना मोठी किंमत येते. साहजिकच खोट्या लाल छपाया अमाप आहेत. तुमच्या अल्बममध्ये असं तिकीट असेल तर आनंद जरा रोखून धरा.

पापानिन आणि क्रेंकेल पुन्हा एकत्र आले ते १९३७ मध्ये, 'उत्तर ध्रुव-१' या तरंगत्या तळावर. पापानिन प्रमुख, क्रेंकेल रेडिओवर, बरोबर शिर्शोव आणि फ्योदोरोव. चौघे २७४ दिवस एका हिमखंडावर वाहत राहिले. त्यावर १९३८ मध्ये तिकिटं निघाली. क्रेंकेल स्वतः मोठा तिकीटवेडा होता आणि १९६६ मध्ये सोव्हिएत संघाच्या अखिल संघीय तिकीटसंग्राहक संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. १९७३ मध्ये त्याच्यावरच तिकीट निघालं. एका माणसाभोवती प्रदर्शनातली अख्खी फ्रेम लावायची असेल तर मी स्कॉट-शॅकल्टन सोडून क्रेंकेलची लावीन. साहित्य भरपूर मिळतं, बहुतेक स्वस्त असतं, आणि प्रदर्शनात ती बघणारे थांबतात.

जमिनीवरच्या दाव्यांची तिकिटं हा वेगळा, कोरडा पण फार शिकवणारा भाग. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने 'ऑपरेशन टॅबरिन' या नावाने अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे माणसं पाठवली, तळ उभारले आणि लगेच टपाल कार्यालयं उघडली. १९४४ मध्ये फॉकलंडच्या तिकिटांवर ग्रॅहॅम लँड, साउथ जॉर्जिया, साउथ ऑर्कनी आणि साउथ शेटलँड अशी चार नावं छापून प्रत्येकी आठ तिकिटं काढली. मूठभर माणसांच्या पत्रांसाठी बत्तीस तिकिटं! अर्जेंटिना आणि चिलीने १९४७ मध्ये आपापला अंटार्क्टिक हिस्सा दाखवणारी नकाशाची तिकिटं काढून उत्तर दिलं. याच चार प्रदेशांच्या, म्हणजे फॉकलंड डिपेंडन्सीजच्या, १९४६ च्या नकाशा तिकिटांत 'जाड नकाशा' आणि नंतरचा 'बारीक नकाशा' असे दोन प्रकार आहेत. भिंगाखाली शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने हे दावे आहेत तिथे गोठवले. तिकिटं काढणं मात्र कोणी थांबवलं नाही.

याच डिपेंडन्सीजचा १९५४ चा जहाजांचा संच मिळाला तर जरूर घ्या. पंधरा तिकिटं, प्रत्येकावर एक ध्रुवीय जहाज: स्कॉटचं 'डिस्कव्हरी', शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स', फ्रेंच संशोधक शार्कोचं 'पूर्क्वा पा', आणि सर्वांत वरच्या, एक पौंडाच्या तिकिटावर बेल्जियमचं 'बेल्जिका', जे १८९८ मध्ये अंटार्क्टिक बर्फात अडकून हिवाळा काढणारं पहिलं मोहिमेचं जहाज ठरलं. स्मरणतिकिटांत इतकं नेटकं काम क्वचित दिसतं, आणि हा तर नेहमीच्या वापराचा संच होता.

उरलेल्या स्मरणतिकिटांबद्दल फार लिहीत नाही. तुमचा ब्रिटनचा १९७२ चा संच म्हणजे जेम्स क्लार्क रॉस, फ्रोबिशर, हडसन आणि स्कॉट. छान आहे, पण ढिगाने उपलब्ध आहे. एखादा रंग छापायचा राहून गेलेली प्रत सापडली तरच दखल घ्यावी. त्यापेक्षा ब्रिटनचा २०१६ चा 'एन्ड्युरन्स' संच मला आवडतो, कारण तो मोहिमेवरच्या फ्रँक हर्लीने काढलेल्या फोटोंवर उभा आहे. अमेरिकेच्या १९८६ च्या आर्क्टिक चौकडीत उत्तर ध्रुवाच्या मोहिमांवर गेलेल्या पिअरीच्या शेजारी मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय सहकारी आहे. पिअरीच्या १९०९ च्या मोहिमेच्या पन्नाशीचं अमेरिकी तिकीट १९५९ मध्ये निघालं होतं, त्यावर कुत्र्यांची गाडी आणि 'नॉटिलस' ही पाणबुडी होती, माणसाचं नाव नव्हतं. ही दोन तिकिटं एका पानावर लावली की वेगळं काही लिहावं लागत नाही. भारताचं तिकीट १९८३ चं, पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेच्या वर्षपूर्तीचं. १९८४ पासून 'दक्षिण गंगोत्री' या आपल्या अंटार्क्टिक तळाला टपाल कार्यालय होतं. तो तळ पुढे बर्फाखाली गेला, त्यामुळे त्याच्या शिक्क्याची पाकिटं जपून ठेवा. ज्या देशांचा ध्रुवाशी काडीचा संबंध नाही त्यांनी फक्त संग्राहकांसाठी छापलेल्या चकचकीत मिनिएचर शीटांपासून मात्र लांब राहा. त्यातल्या काही तर त्या देशांच्या टपाल खात्यांनी काढलेल्याही नसतात.

पुढे काय करावं, तर मी जिवंत पाकिटं मिळवायला सांगेन. आजही अंटार्क्टिक तळांवर टपाल घेतलं जातं. योग्य तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून तळाच्या टपाल पत्त्यावर पाठवायचं. आधी त्या देशाच्या टपाल खात्याचे नियम वाचा: ब्रिटिश अंटार्क्टिक टेरिटरी, रॉस डिपेंडन्सी, ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक टेरिटरी, फ्रेंच दक्षिणी प्रदेश यांची तिकिटं वेगळी, अमेरिकी तळांवर मात्र साधी अमेरिकी तिकिटं चालतात. एका माणसाला किती पाकिटं, यावर मर्यादा असते. जहाज उन्हाळ्यातच जातं, त्यामुळे उत्तर यायला वर्ष लागलं तरी चौकशीची पत्रं पाठवून तळावरच्या लोकांना त्रास देऊ नका. ते तिथे शास्त्रज्ञ किंवा मेकॅनिक म्हणून गेलेले असतात, शिक्का मारणं हे त्यांचं जेवणानंतरचं काम.

आता त्या पेनी तिकिटाचं. खालचं तिकीट, पेनी युनिव्हर्सल, जगातल्या सर्वांत मुबलक जुन्या तिकिटांपैकी एक आहे. म्हणजे खोटं करणाऱ्याला कच्चा माल फुकट. विक्रेत्याकडून तिकीट हातात घ्या आणि दहापट भिंगाखाली पाहा. तिकीट वापरलेलं असेल तर हिरवी छपाई शिक्क्याच्या शाईच्या वर आहे का खाली? वर असेल तर तिथेच विषय संपला. शिक्का न्यूझीलंडच्या एखाद्या गावचा असेल, मोहिमेचा नसेल, तर जबर संशय घ्या. अक्षरांच्या कडा मोहिमेच्या ओळखीच्या नमुन्याशी ताडून बघा, नुसत्या रंगावर जाऊ नका. एवढं सगळं जमलं तरी लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीचं किंवा तशाच दुसऱ्या मान्य संस्थेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रमाणपत्रावरचा फोटो आणि समोरचं तिकीट, दातेरी कडांच्या एकेका दाताप्रमाणे, जुळवून पाहा. विक्रेता 'प्रमाणपत्र मागाहून आणून देतो' म्हणाला तर पैसेही मागाहूनच द्या.